जाताना सीएन, येताना सीपी

काका कर्जतला बँकर इंजिनावर (घाटात गाडीला मागून ढकलणारं इंजिन) होते, रिटायर झाले तरी रेल्वे काही सुटत नाही, म्हणून ते इकडे कॅनडात आल्यावर मॉल-बिल सोडून त्यांना फ्रेझर नदीची खोल दरी, फ्रेझर कॅन्यन, दाखवायला नेलं. लिटनच्या अलीकडे सिस्कोला थांबलो. एक मालगाडी व्हँकुव्हरकडे गेली, मग दुसरी, तीही व्हँकुव्हरकडेच. काका म्हणाले, "अरे, या लाइनीवरून परतीची येतच नाही का?"

येत नाही! ती नदीपलीकडून जाते. म्हणजे अप-डाउन लाइनीच्या मध्ये आख्खी नदी. एका काठावर सीपी म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची (आता सीपीकेसी), 1880 च्या दशकात सुरुंग लावून आणि हजारो चिनी मजुरांच्या जिवावर टाकलेली. दुसरी 1915 ची, जी पुढे सीएनकडे, म्हणजे कॅनेडियन नॅशनल कंपनीकडे आली. बरा काठ आधीच गेलेला, मग ही समोरच्या कड्यावरून, आणि तिच्याच कामात 1914 ला हेल्स गेटला दरड नदीत पडून सॅमन माशांची वाट अडली. सिस्कोला तर दोघी शेजारी-शेजारी पूल टाकून काठ बदलतात.

दोन्ही सिंगल लाइनी, दोन्ही कंपन्या एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक, आणि समोरून येणारी गाडी जाऊ द्यायला दोघींच्या गाड्या लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) ताटकळत. साधारण 2000 च्या सुमारास ठरलं की व्हँकुव्हरकडे जाणारं सगळं सीएनवरून आणि परतीचं सगळं सीपीवरून, गाडी कुणाची का असेना. झाली डबल लाइन! मला हे प्रचंड आवडलं, आमच्या सोसायटीत दोन विंगना एक पाण्याची टाकी वाटून घेता येत नव्हती.

काकांना मात्र फारसं काही वाटलं नाही. "नदीकाठाने कुणीही चालवेल, आमच्या घाटात 1:37 चा चढ आहे." मी म्हटलं काका, इथे गाडी तीन-तीन किलोमीटर लांब असते. "असेल, पण पॅसेंजर आठवड्याला दोन-तीन! आणि वर ओएचई, विजेच्या तारा, कुठाय?"

आता याला काय उत्तर देणार. मालवाहतूक बघा म्हटलं.

फॅमिली ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर भाऊजींनी नेमकं शोधून काढलं की 2021 च्या नोव्हेंबरच्या पावसात दोन्ही लाइनी एकदमच तुटल्या होत्या. खरंय ते. मी पावसाळ्यात घाटात पडणाऱ्या दरडींची आठवण करून दिली, तर म्हणे विषय बदलू नकोस.