प्रीमियर पद्मिनी गाडीसाठी हलका ट्यूब बंपर: माप, बेंड आणि ब्रॅकेट

हलका बंपर म्हटलं की आधी ॲल्युमिनियम आठवतं. ते सोडून द्या. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमची नळी वेल्ड केली की जोडाजवळची तिची बरीच ताकद जाते, आणि बंपरवर सगळा ताण येतो तो तिथेच. ३८.१ मिमी व्यासाची, १.६ मिमी जाडीची ईआरडब्ल्यू (पट्टी गोल वळवून शिवण विजेने जोडलेली) स्टीलची नळी मीटरला १.४४ किलो भरते. तीच ३ मिमी जाडीत घेतली तर २.६० किलो. फॅब्रिकेटर जाड नळीचा आग्रह धरेल, ऐकू नका.

कळंबोलीच्या पोलाद बाजारात खरेदी करताना ‘दीड इंची पाइप’ मागितलात तर ४८.३ मिमीचा पाइप हातात येईल, कारण पाइपचं इंचातलं माप नाममात्र असतं. म्हणून बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्येच सांगा. गॅल्वनाइज्ड नको, जस्ताचा धूर विषारी, शिवाय वेल्डमध्ये भोकं पडतात.

बेंडरकडे जाऊन आधी डायची (ज्या खाचेच्या साच्यावर नळी वाकवतात त्याची) त्रिज्या विचारा, मग हिशेब मांडा. साधा हायड्रॉलिक पाइप बेंडर इथे चालत नाही. त्याचे डाय पाइपच्या मापाचे असतात, ४२.४ च्या डायमध्ये ३८.१ ची नळी सैल बसते आणि चपटी होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळ्यात स्टीलचं रेलिंग करणाऱ्यांकडे ३८.१ चा डाय बहुधा मिळतो. समजा मध्यरेषेची त्रिज्या ११५ मिमी आहे आणि बंपर बाहेरून बाहेर १४४० मिमी हवाय. मध्यरेषेवर रुंदी १४०२, त्यातून दोन त्रिज्या वजा केल्या की सरळ भाग ११७२. काटकोनी बेंडला प्रत्येकी १८१ आणि दोन्ही टोकांना १५० धरले तर नळी १८३४ मिमी लागते, वजन साधारण २.६ किलो. सहा मीटरच्या एका नळीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही बसतात, वर चाचणीच्या बेंडला तुकडा उरतो. तो तुकडा आधी वाकवून बघाच, कारण डायमधून सुटल्यावर नळी थोडी उलगडते. नळीची शिवण बेंडच्या आत किंवा बाहेर न येता बाजूला ठेवा. पहिल्या बेंडनंतर नळी किंचित फिरली तर दोन्ही टोकं एका पातळीत येत नाहीत, म्हणून आधीच लांबीभर सरळ रेघ मारून घ्या.

खरं डोकं लावायचं ते ब्रॅकेटला. पद्मिनीला वेगळी चासी नाही, पुढचे दांडे बॉडीचाच भाग आहेत. ब्रॅकेट सहा मिमीचा आणि वर गसेट (कोपऱ्यातली तिकोनी आधारपट्टी) मारलेला असेल तर पार्किंगमधला धक्का थेट दांड्यात जातो. मग बंपर शाबूत आणि बॉनेट लागेना. ४० बाय ४ मिमीची पट्टी उभी लावा, म्हणजे खड्ड्यांत बंपर थरथरणार नाही, आणि मध्ये हलकासा बाक द्या, म्हणजे धक्क्यात ती तिथेच दुमडेल. भोकं मूळ ब्रॅकेटच्या जागीच, पण लांबट. पोकळ दांड्यातून बोल्ट आरपार जात असेल तर आत स्लीव्ह (बोल्टभोवती नळीचा तुकडा) घाला, नाहीतर आवळताना पत्रा चेपतो. एम१०, ८.८ ग्रेडचे बोल्ट पुरेत.

गाडीवर फक्त टॅक (जागा धरून ठेवणारे वेल्डचे छोटे ठिपके) मारा, तेही बॅटरी सोडवून. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी आहे, तिथे टॅकसुद्धा नको. पूर्ण वेल्ड खाली उतरवून, जिगवर (भाग जागेवर धरणाऱ्या चौकटीवर) बांधून, टिग वेल्डिंगने, बाजू बदलत.

नळीची टोकं गोल टोपीने बंद करा, पण तळाला ४ मिमीचं भोक ठेवा. पावडर कोटिंगच्या भट्टीत कोंडलेली हवा वेल्डच्या बारीक छिद्रातून बाहेर पडते आणि कोटिंगला फोड येतात. नंतर त्याच भोकातून आत मेण फवारा. खाडीच्या हवेत नळी आतून गंजते.

बंपरच्या पुढे वेगळा गार्ड जोडू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय. ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल तर मूळ रूप बघितलं जातं, तेव्हा जुना क्रोमचा बंपर तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. नंबरप्लेटची पट्टीही आधीच आखा. एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं) स्नॅप लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही.