काही नाही, बाई

मंगळवार, रात्री साडेदहा

"काही नाही, बाई." एवढंच म्हणाला आणि टाकीपासून निघून गेला. बाटली अर्धीसुद्धा भरली नव्हती.

मधल्या सुट्टीत मी त्याला मुद्दाम गाठलं होतं. गुरुवारपासून मनात घोळत होतं. "त्या दिवशी मी हसायला नको होतं रे," असं म्हणेपर्यंत माझ्याच घशाला कोरड पडली. आणि उत्तर काय, तर काही नाही.

झालं होतं एवढंच. अभंग वाचायला त्याला उभं केलं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. घोगरा येता येता एकदम चिरकला. वर्ग हसला. मीही हसले. मोठ्यानं नाही, पण त्यानं मान वर केली तेव्हा त्याला नेमका माझाच चेहरा दिसला. पोरं हसली ते एक आणि बाई हसल्या ते वेगळं. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, काही महिने आवाज ताब्यात राहत नाही, हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? मागच्या वर्षी घरातही हेच झालं. तेव्हाही आम्ही सगळे हसलो होतो, पानावर बसून. आता ते दार बंदच असतं. त्याबद्दल आज नको.

शुक्रवारी त्यानं एकदाही हात वर केला नाही. शनिवारी पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकून बसला, तर मी सगळ्यांदेखत म्हणाले, "रात्रभर मोबाइल बघत बसतोस ना?" म्हणजे दुसऱ्यांदा तेच केलं. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा वाढायला लागतं, मुलांना लवकर झोपा म्हटलं तरी झोप लागत नाही. आणि आमची शाळा सातची. २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय झाला, तोही चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. नववीच्या पोरांनी साडेपाचला उठायचं आणि वर बाईंचं ऐकायचं.

पण मी का हसले? हे काही केल्या सुटत नाही.

त्या आठवड्यात वर्ग माझ्यावर रुसलेला होता. सहामाहीचे पेपर, मी कापलेले गुण, तो सगळा प्रकार. पाच दिवस समोर साठ बंद चेहरे. तो चिरकला, सगळे हसले आणि क्षणभर मी त्यांच्यातली झाले. बरं वाटलं मला. हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतोय. चौदाव्या वर्षी मुलांना जगात सगळ्यात जास्त भीती कशाची, तर टोळीबाहेर पडण्याची. त्यासाठी ती कुणाचाही बळी देतात. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी तेच केलं.

आम्हाला तरी कोण विचारतं, असं दुपारी वाटून गेलं. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या नोंदणीत, माहिती भरा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरा, दर सोमवारी लोहाची निळी गोळी मुलांच्या हातावर ठेवा आणि रजिस्टरात खूण करा. किशोरांच्या आरोग्याच्या प्रशिक्षणात दहा ते एकोणीस हा वयोगट फळ्यावर लिहून दिला होता. रक्तातल्या लोहाला रजिस्टर आहे. हा पोरगा पाच दिवस बोललेला नाही, याची खूण कुठे करायची? डबासुद्धा उघडला नाही मी. सरांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय, बाई?" मी म्हणाले, "काही नाही, सर."

बोलले आणि तिथेच थबकले. मलाही दुसरं काय सांगता आलं? राग, लाज, कुणीतरी जवळ बसावं असं वाटणं, हे सगळं त्या दोन शब्दांत कोंबून मी वह्या तपासायला घेतल्या. त्यानं तरी वेगळं काय केलं? शिवाय मी माफी मागितली ती मला रात्री झोप यावी म्हणूनही होती. त्यानं लगेच हसून "असू दे, बाई" म्हणावं, ही माझी गरज. त्याच्यावर ते देणं नाही.

डी.एड.ला साने गुरुजींवर प्रश्न आला होता. अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, अंथरुणं आवरत, कपडे धूत. तेव्हा मी 'सेवाभाव' लिहून गुण मिळवले. आज वाटतं, मुलाला न लाजवता त्याची चूक त्याच्यापर्यंत पोचवण्याची ती वाट होती. मुलगा खोलीत यायचा, सगळं आवरलेलं दिसायचं, आणि त्या क्षणी त्याच्याकडे बघायला कुणी नसायचं.

हसले साठ जणांसमोर, माफी मागितली टाकीपाशी एकटीनं. हा हिशोब जुळत नाही. पण वर्गासमोर माफी मागायची, तर पुन्हा साठ माना त्याच्याकडेच वळणार.

उद्या पहिला तास नववी 'ब'चाच आहे. राहिलेला अभंग सगळ्यांनी मिळून म्हणायचा, चालीवर, मीसुद्धा. त्याआधी कंठ फुटतो म्हणजे काय होतं ते पाच मिनिटं सांगेन, आणि अशा वेळी आपण मोठी माणसंही हसतो ते चूक आहे, हेही. बोलताना खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाकडे नजर जाता कामा नये, तेवढं सांभाळायचं आहे.