न्यू जर्सी ते फेअरफॅक्स : लेकीच्या शाळेचा शोध

नोकरीनिमित्त न्यू जर्सीहून व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत जायचे ठरले, तेव्हा घर पाहण्याआधी आम्ही सरकारी शाळांची माहिती काढली. प्रज्ञावान मुले ओळखून त्यांना साजेसे शिक्षण देणे दोन्ही राज्यांत बंधनकारक आहे. मात्र ते कसे द्यायचे हे स्थानिक पातळीवर ठरते आणि खरा फरक तिथेच पडतो. जुन्या शाळेत लेकीला आठवड्यातून एकदाच वेगळ्या वर्गात नेत. एरवी ती वहीच्या समासात अपूर्णांकांची कोडी रचत बसे, आणि ते पाहून माझा जीव तुटायचा. फेअरफॅक्समध्ये तिसरी ते आठवीपर्यंत पूर्णवेळ प्रगत वर्ग आहेत, परंतु त्यांसाठी स्वतंत्र निवड होते. म्हणून चाचण्यांचे निकाल आणि त्या समासांच्या झेरॉक्स मी एकाच फायलीत लावून ठेवल्या आहेत.