बंदुकीशिवाय शिकार: येऊरची एक सकाळ

आधीच सांगून टाकते, आम्ही कुणाला मारायला गेलो नव्हतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणांची शिकार बंद आहे, आणि येऊर म्हणजे तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पण डोंगरात, दाट झाडीत हरणाच्या जवळ पोचायचं कसं, ही विद्या मूळची शिकाऱ्यांचीच. ती नसेल तर हरीण दिसत नाही, फक्त पळताना उचललेली पांढरी शेपटी दिसते. मार्चमधल्या एका रविवारी मी आणि माझा भाचा ती विद्या आजमावायला गेलो.

परवानगी वनखात्याच्या येऊरच्या कार्यालयातून आठवडाभर आधी काढली होती. वेळा आणि नियम बदलत असतात, त्यामुळे जाण्याआधी तिथंच विचारा. ठाणे स्टेशनवरून येऊरला परिवहनची बस आहे. आम्हाला अंधारात पोचायचं होतं म्हणून उपवनपर्यंत रिक्षा केली. पाड्यावरचे एक वारली काका वाटाड्या म्हणून येणार होते. ते नाक्याशी उभेच होते. भाच्याकडे बघून त्यांनी नाक उडवलं. पोरानं परफ्यूम मारला होता, आणि वर निळा टी-शर्ट. "ताई, याला अर्ध्या डोंगराला कळवायचंय का आपण आलोय म्हणून?"

परफ्यूमचं कुणालाही पटतं, निळ्या रंगाचं पटत नाही. हरणाला लाल-केशरी नीट ओळखू येत नाही, पण निळा चांगला दिसतो. शिवाय कपड्यांना 'उजाळा' देणाऱ्या धुण्याच्या पावडरी आणि नीळ, यांनी धुतलेला कपडा त्याच्या डोळ्यांना पहाटेच्या उजेडात झळकतो. जुना, विटका, साध्या साबणानं धुतलेला खाकी किंवा मातकट सदरा पुरेसा आहे. त्या हजारो रुपयांच्या ठिपक्याठिपक्यांच्या लष्करी छापाच्या पँटी घेऊ नका. माझ्याकडे एक आहे. तिचा उपयोग फोटोपुरता.

काकांनी भाच्याला स्वतःची घोंगडी दिली आणि आम्ही सुकलेल्या नाल्याकडे निघालो. नाल्याच्या एका वळणावर खडकाखाली अजून पाणी होतं. मला वाटलं, वरच्या काठावर बसू, सगळं दिसेल. काकांनी खिशातून एक पुरचुंडी काढली. चुलीची चाळलेली राख. चिमूटभर बोटांतून सोडली, तर ती सरळ खाली, पाण्याकडे वाहत गेली, अगदी सावकाश, धुरासारखी.

सगळ्या वृत्तांतात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच. डोंगरात वारा दिवसातून दोनदा तोंड फिरवतो. रात्रभर गार झालेली हवा जड होऊन उतारावरून नाल्यात उतरते. ऊन लागलं की तीच हवा तापून वर चढू लागते. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी वर बसलात तर तुमचा वास आपोआप पाण्यावर पोचतो. तेव्हा खालच्या अंगाला बसायचं. ऊन चढलं की उलट, वरच्या अंगाला. पूर्वेकडच्या उतारावर ऊन आधी येतं, त्यामुळे तिथं हा पालटही लवकर होतो. हरणाचे डोळे चुकवता येतात, कान थोडेफार चुकवता येतात, नाक नाही. राख नसेल तर टाल्कम पावडर चालेल, पण बिनवासाची.

आम्ही नाल्याच्या खालच्या वळणावर, एका ऐनाच्या बुंध्याला टेकून बसलो. पाठीला झाड हवंच, नाहीतर माणसाचा आकार आकाशावर उठून दिसतो. चालून हरीण गाठायचा हट्ट मार्चमध्ये सोडून द्या. सागाची पानं गळलेली असतात, आणि एका वाळक्या पानावर पाय पडला तर पापड मोडल्यासारखा आवाज होतो.

सव्वासहाच्या सुमाराला डाव्या अंगाला कुत्रं भुंकलं. भाचा म्हणाला, पाड्यावरचं असेल. ते भेकर होतं, कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. एकच खर्जातला भुंका, थोडं थांबून पुन्हा तसाच. भेकर पाच-दहा मिनिटं न थांबता भुंकत राहिलं तर आसपास बिबट्या असू शकतो, असा हिशेब धरायचा. हे थांबलं. काकांनी खांदे सैल सोडले, तेव्हा मला कळलं की त्यांनी ते आवळले होते.

मग बराच वेळ काहीच नाही. माझा पाय बधिर झाला. गोचीड घोट्याशी चढताना दिसली आणि हलायची सोय नव्हती.

सात वाजता सांबराची मादी आली. आली म्हणजे, समोरच्या करवंदीच्या जाळीतला एक तपकिरी तुकडा कान झाला. अख्खं जनावर शोधू नका. झाडीत आडवी रेघ शोधा, पाठीची. बाकी सगळं रान उभं असतं. तळहाताएवढे ते कान एकेक करून वेगवेगळ्या दिशेला वळत होते. ती पाण्यापर्यंत येऊन वाकली, प्यायली नाही, मान वर केली. भाच्यानं मोबाइल उचलला. तेवढ्यानंच. तिनं पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा, आणि 'ढँक्' असा ओरडा दिला की पोटात धस्स झालं. पुढच्या क्षणी ती नव्हती.

ऊन आल्यावर राखेनं दिशा बदलली, मग आम्ही वाटेनं वर सरकलो. काटेसावरीखाली गळलेली लाल फुलं पडली होती आणि त्यांत चितळांच्या खुरांचे ठसे. चितळाचा खूर साधारण तीन बोटांचा, सांबराचा चार बोटांचा. पाड्यावरच्या गुरांचा त्याहून मोठा आणि गोल. खुराखाली पान दबलेलं असेल तर फार काही कळत नाही, पण खुराच्या वर पान पडलेलं असेल तर माग जुना. वानरं जिथं वरून पाला-फुलं टाकतात तिथं चितळं येतातच, म्हणून वानरांचा आवाज ऐकू आला की त्या बाजूला बघा. आम्हाला सात चितळं दिसली, चाळीसेक पावलांवर.

हरणाच्या मागे धावू नका, त्यांना फोटोसाठी पिटाळू नका, मीठ किंवा खाणं ठेवू नका. पिटाळणं आणि आमिष दाखवणं हेही कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. गळलेलं शिंग सापडलं तरी उचलायचं नाही.

परतताना सांबराच्या पायवाटेवर काका एकदम थांबले. कुड्याच्या दोन झाडांमध्ये, गुडघ्याच्या उंचीवर, मोटरसायकलच्या ब्रेकच्या तारेचा फास. गंजलेला, पण सरकवला की सरकत होता. भाचा तो ओढून काढायला निघाला. काकांनी त्याचा हात धरला. असं काही दिसलं तर हात लावू नका. फोटो घ्या, मोबाइलवर जागेची नोंद करा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा. आम्ही वाटेतूनच फोन लावला आणि वनरक्षक येईपर्यंत तिथंच बसलो. काकांनी उरलेली राख तारेवर टाकली. ती आता सरळ वर चढत होती.