इंग्रजी हायकूची वही : पूर, छाटणी आणि यमकाची खोड

हायकूच्या तीन ओळी इंग्रजीतही पाच-सात-पाच अशा मोजूनच लिहायच्या का, हे भांडण मागच्या नोंदीत अर्धवट राहिलं होतं, ते आधी मिटवतो. जपानीत मोजतात ते ‘ओन’, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे. ‘निप्पोन’मध्ये तिथे चार ओन धरतात: नि, प, पो, न. इंग्रजी कानाला सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, दोनच. त्यामुळे इंग्रजीत सतरा सिलॅबल भरायला गेलं की मजकूर जपानीपेक्षा बराच जास्त मावतो, आणि उरलेल्या जागेत आपण विशेषणं कोंबतो. इंग्रजीत मन लावून लिहिणारे बहुतेक जण आता दहा ते चौदा सिलॅबलांत आटपतात. मोजायचंच असेल तर मोजा, पण वहीत. कवितेत ते दिसता कामा नये.

आता पावसाळ्यातलं काम. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं: दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे गोदापात्रातल्या त्या दगडी मूर्तीच्या, कुठपर्यंत आलं? यावर आपल्या हायकू लिहिणाऱ्या गटात जो पहिला खर्डा आला तो असा:

द स्वोलन रिव्हर
रायझेस टु द स्टोन गॉड्ज वेस्ट
अँड पीपल आर स्केअर्ड

मोजून पाच-सात-पाच. हायकू मात्र नाही, बातमी आहे. नदी फुगली, पाणी चढलं, लोक घाबरले. एकामागून एक, सरळ रेषेत. तिसरी ओळ तर वाचणाऱ्याच्या वाटणीचं कामही उरकून टाकते. शिवाय ते खरंही नाही. भीती गोदाकाठच्या दुकानदारांना, बाकीचे छत्री घेऊन बघायला जातात. मग आम्ही पुलावर खरोखर काय दिसलं ते आठवायला बसलो. कठड्याला टेकलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तोच मारुती, तीच कंबर. जे घरी होते त्यांच्या व्हॉट्सअॅपवरही तेच. त्यातून हे उतरलं:

रायझिंग रिव्हर —
ऑन एव्हरी फोन
द स्टोन गॉड्ज वेस्ट

बारा सिलॅबल. पहिल्या ओळीनंतरची ती आडवी रेघ म्हणजे इंग्रजीतली तोड, कवितेचे दोन भाग वेगळे करणारा थांबा. जपानीत हे काम ‘या’, ‘काना’, ‘केरी’ असे किरेजी, म्हणजे तोडणारे शब्द, करतात. इंग्रजीत तसे शब्द नाहीत, म्हणून रेघ नाहीतर नुसती ओळ मोडणं. तोडीच्या अलीकडे नदी, पलीकडे फोन. मधलं नातं वाचणाऱ्यानं जोडायचं. मधे कुणी तरी ‘मंकी गॉड’ सुचवलं होतं, परदेशी वाचकाला लगेच कळावं म्हणून. माझा ठाम विरोध. त्याने कविता पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखी होते. दगडाचा देव कमरेएवढ्या पाण्यात, एवढं कुणालाही पुरतं.

यमकाची खोड मात्र अजून जात नाही. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तोच तीन ओळींतल्या दोन ओळींचं यमक घेऊन, आणि आपला कान त्यावरच तयार झालाय. मराठीत ते गोडच लागतं. इंग्रजीत तेच यमक बालगीताकडे झुकतं आणि तोडीतली शांतता खाऊन टाकतं. माझा उपाय साधा आहे: खर्डा मोठ्याने वाचायचा, आणि मान आपोआप डोलायला लागली की एक ओळ बदलायची.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ऋतूवर. किगो म्हणजे ऋतू सुचवणारा शब्द, हे आपल्याला पाठ आहे. पण छाटलेली द्राक्षवेल म्हटलं की युरोपातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कडाक्याची थंडी येते, तिकडे छाटणी हिवाळ्याच्या सुमाराला म्हणून. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा ऊन मी म्हणतं. त्यामुळे नुसत्या ‘बेअर व्हाइन्स’ने ऋतू उलटाच होतो. आपल्यातल्या एका ताईंनी पहिल्याच ओळीत उकाडा आणून गाठ सोडवली:

ऑक्टोबर हीट —
द प्रून्ड व्हाइन्स होल्ड अप
अ सारी क्रेडल

आई छाटणीला आलेली, तिचं तान्हं साडीच्या झोळीत, आणि पानं उतरवलेल्या मांडवाखाली सावलीचा पत्ता नाही. मला फार आवडली. पण पिंपळगावकडचे आपले बागायतदार दादा ऐकताक्षणी म्हणाले, “ताई, वेलीला झोळी बांधली तर पोर आणि वेल दोन्ही खाली यायचे. मांडवाच्या अँगलला बांधतात.” यावर बराच वेळ वाद चालला. काहींच्या मते वेलीने बाळ तोलून धरणं हाच कवितेचा जीव. मी दादांच्या बाजूचा. जपानी हायकूकार मासाओका शिकी (1867–1902) यांनी ‘शासेई’, म्हणजे समोर आहे ते जसंच्या तसं टिपणं, एवढं लावून धरलं ते उगाच नव्हे. ताईंनी आता असं केलंय:

ऑक्टोबर हीट —
फ्रॉम द ट्रेलिस पोस्ट
अ सारी क्रेडल

छाटलेली वेल गेली याची चुटपुट आहे, पण ‘ट्रेलिस’मध्ये ती अर्धीमुर्धी येतेच. ताईंचं समाधान अजून झालेलं नाही, वाद पुन्हा निघणार.

पुढची बैठक थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, सकाळी लवकर. दुर्बीण ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणा, पण पक्ष्यांची यादी करत बसू नका. घरचा अभ्यास रंगपंचमीच्या रहाडीवर: जुन्या नाशकातला तो रंगाचा हौद तळटीप न देता इंग्रजीत आणायचा आहे. ‘कलरफुल’ हा शब्द वापरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची.