फ्रंट पॅनेल अपडेट: एफ१ची कटकट मिटली

मंडळी, दर वेळी चालू करताना 'एफ१ दाबा' म्हणून अडणारं ते ब्रँडेड कॉम्प्युटर काल रात्री साडेअकराला एफ१ न मागता थेट सुरू झालं. तीन आठवडे याच्यासाठीच घालवले होते.

मागे लिहिलं होतं तसं, माझ्याकडच्या सगळ्या कॅबिनेटांच्या फ्रंट पॅनेलला (म्हणजे पुढची बटणं आणि दिवे) एकच नऊ पिनांचा प्लग बसवतोय. पिनांची मांडणी इंटेलच्या २००५च्या फ्रंट पॅनेल गाइडमधलीच: १-३ हार्ड डिस्कचा दिवा, २-४ पॉवरचा दिवा, ५-७ रीसेट, ६-८ पॉवर स्विच, दहावी जागा रिकामी. यूएसबी २.०च्या हेडरला (बोर्डावरच्या पिनांच्या गटाला) नववी पिन नसते, एचडी ऑडिओला आठवी, आणि प्लगमध्ये ती जागा बुजवलेली असते, म्हणून त्यांचे अखंड प्लग डोळे मिटून बसतात. पॉवर-रीसेटच्या तारा मात्र आजही सुट्या येतात. मांडणी ठरून इतकी वर्षं झाली तरी अखंड प्लग सगळीकडे का नाही, याचा मला खरंच राग येतो.

घोडं अडलं ते फोंड्यातल्या एका ऑफिसातून आलेल्या ब्रँडेड मशीनवर. मूळ पॅनेल गायब, हेडरची मांडणी त्यांची स्वतःची, बोर्डावर एक अक्षर छापलेलं नाही. आधी वीज काढून मल्टिमीटरचं एक टोक बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाला लावलं, दुसरं एकेका पिनेला. जिथे बीप वाजली त्या पिना ग्राउंडच्या. मग स्टँडबायवर (वीज लावलेली, मशीन बंद) मोजलं तर चार पिनांवर ३.३ व्होल्ट. त्यातली एक १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला टेकवली आणि पंखा फिरला, म्हणजे ती पॉवर स्विचची. (अनोळखी पिन थेट ग्राउंडला कधीच टेकवू नका.) पण स्क्रीनवर संदेश: फ्रंट पॅनेलची केबल सापडत नाही, एफ१ दाबा. दर वेळी तेच.

आठवडाभर मी तारांनाच दोष देत बसलो. सगळं क्रिंपिंग (तारेच्या टोकावर धातूची टोपी पकडीने दाबून बसवणं) पुन्हा केलं. ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली हाउसिंग (प्लगची प्लास्टिकची खोळ) पिनेवर सैल बसायची, ती फेकून दिली. क्रिंपिंगच्या चांगल्या पकडीवर पैसे घाला, हाउसिंगवर वाचवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तोही आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने घासून काढला. फरक शून्य.

टॉर्च धरून बसलेल्या भाच्याने मग विचारलं, "मामा, केबल लावलीय हे बोर्डाला कळतं कसं?"

बरोबर! मूळ केबल एखादी पिन ग्राउंडला जोडत असणार. उरलेल्या तीन पिना त्याच रेझिस्टरमधून एकेक करून टेकवल्या, दर वेळी मशीन बंद-चालू. पहिलीने काही नाही, दुसरीने मशीनच रीसेट झालं, तिसरीने संदेश गेला! भाच्याने टाळी दिली. आता त्या बोर्डाच्या शेपटीत (माझा प्लग त्या हेडरला जोडणाऱ्या छोट्या केबलीत) हा रेझिस्टर कायमचा सोल्डर केलाय, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

पुढचा बेत प्रत्येक बोर्डासाठी वेगळी शेपटी असा होता. पण लिहिता लिहिता सुचलं: जुन्या कॅबिनेटांचा पॉवर एलईडीचा प्लग तीन जागांचा, मधली रिकामी, नव्यांचा दोन जागांचा. छोट्या पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) तीन पिना द्यायच्या, पहिली अधिक, उरलेल्या दोन्ही उणे. दोन्ही प्लग तिथेच बसतील! म्हणजे शेपट्यांआधी पीसीबीच. कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेली पाटी) घरात पडून आहे, रविवारी एचिंग करतो, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळवतो.

तुमच्या ब्रँडेड बोर्डावर अशी केबल ओळखणारी पिन सापडली असेल तर मॉडेल आणि पिन क्रमांक नक्की लिहा, मी तक्ता करायला घेतलाय.