हलक्याचा भाव

नाशिकच्या भांडी बाजारात पातेलं मागितलं, की दुकानदार ते आधी हातात ठेवतो. "वजन बघा ताई!" जितकं जड तितकं टिकाऊ, आणि काटा सांगेल तो भाव. त्याच संध्याकाळी ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात जावं, तर तिथला पोरगाही पातेलंच हातात देतो आणि तेच म्हणतो, "वजन बघा ताई!" इथे मात्र जितकं हलकं तितकं महाग. जे वजन त्या भांड्यात नाही, त्याचे पैसे आपण मोजतो. वर शंभर ग्रॅम वाचले या आनंदात मिसळीवर दोन पाव जास्त खाऊन घरी येतो. पोटावर चढलेले ग्रॅम यादीत धरायचे नसतात.

नाशिक जिल्ह्यातली सातमाळेची डोंगररांग सलग चालायची म्हटली, म्हणजे एकेक किल्ला घेत अचल्यापासून अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप, राजदेहेर, इंद्राई करत चांदवडपर्यंत, की असे हिशोब सुरू होतात. मुक्काम बरेच, पाठ एकच. सॅक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नसावी असा जुन्या भिडूंचा ठोकताळा आहे. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग सॅक घेऊन, आणि वजाबाकी करायची. ही वजाबाकी आईच्या देखत करू नये. आकडा मनासारखा आला की तिला वाटतं, म्हणजे अजून एक स्वेटर बसेल.

त्या महागड्या पातेल्याची गंमत तर वेगळीच. ते असतं टायटॅनिअमचं. खरं पाहता टायटॅनिअम अॅल्युमिनिअमपेक्षा जड धातू, पण चिवट असल्यामुळे त्याचा पत्रा खूप पातळ काढता येतो, म्हणून भांडं हलकं. मात्र उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनिअम त्याच्या दहापट तरबेज. त्यामुळे टायटॅनिअममध्ये आच जिथे लागते तिथेच साचते. पाणी उकळून सुक्या जेवणाच्या पाकिटात ओतायचं असेल, तर काही बिघडत नाही, आणि ही भांडी तशा जेवणासाठीच केलेली असतात. आपण त्यात खिचडी टाकतो. मग बर्नरच्या वर गोल काळा डाग, कडेला कच्चा तांदूळ. माझं मत विचाराल तर सहा जणांत एक अॅल्युमिनिअमचं पातेलं, वर बसणारी ताटली आणि एक सांडशी. टायटॅनिअमवाला असतोच प्रत्येक गटात. त्याला चहाचं खातं द्यावं.

खाण्याच्या बाबतीत नाशिककरांची खरी परीक्षा चिवड्यापाशी. चिवडा वजनाला काहीच नाही, पण अर्धी सॅक अडवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भुगा झालेला असतो. तरी तो नेला जातोच. ती बाब तर्काच्या पलीकडची आहे. दाणे-गूळ उत्तम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी भरतात, एवढं ओझ्याचं चीज दुसरं कोण करतं? द्राक्षं मात्र नकोत, हंगाम असला तरी. ती वाहणं म्हणजे पाणीच वाहणं. चार किलो द्राक्षांचे जेमतेम किलोभर बेदाणे होतात, म्हणजे तीन किलो ओझं आपल्या बागायतदारांनी आधीच उन्हाला वाहायला लावलेलं असतं. दशम्या पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या.

पाण्याचं तसं नाही. हलकं पाणी अजून कुणी विकायला काढलेलं नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी असतात, पण सगळीच पिण्याजोगी नसतात. म्हणून गाळायला सुती फडकं, शुद्धीकरणाचे थेंब आणि पायथ्याच्या गावात दिसेल तो हापसा सोडायचा नाही, हा नियम.

डिसेंबरातली थंडी हलक्यात घेऊ नये. शेजारच्या निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि आपण तर उघड्या माथ्यावर झोपणार. चांगल्या स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे तीन आकडे छापलेले असतात. पहिला, सुखाने झोप लागण्याचा, सरासरी बाईच्या हिशोबाने. दुसरा, अंग आखडून रात्र निभावण्याचा, सरासरी पुरुषाच्या. तिसरा केवळ जीव वाचण्याचा. दुकानात मोठ्या अक्षरात नेमका दुसरा किंवा तिसरा सांगतात. पहिला शोधून वाचावा. आणि कॅरीमॅट विसरू नये, कारण अंगाखाली दबलेला कापूस काही ऊब देत नाही, जमीन ती ओढून घेते.

परदेशी याद्या बघायला मला फार आवडतात. अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर, सिएरा नेवाडाच्या काही भागांत, अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा सक्तीचा असतो. आमच्याकडे वणीच्या गडावरची माकडं आहेत, त्यांच्यासाठी डबा अजून निघालेला नाही. कड्यावरच्या आग्यामोहोळापुढे तर खरेदीचा उपयोगच नाही. अत्तर-डिओ घरी ठेवणं आणि धूर न करणं, हे फुकटच आहे. शिवाय त्या याद्या ओसाड मुलखासाठी लिहिलेल्या. आपल्या डोंगरांना पायथ्याशी वाड्या आहेत, बिस्किटाचा पुडा मिळणारं दुकान क्वचितच एका दिवसाच्या चालीपलीकडे असतं.

त्याच अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई अॅपलाचियन ट्रेल एकटीने चालून गेली. तीन हजार किलोमीटरच्या वर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पावसाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, पायात कॅनव्हासचे साधे बूट. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात नाशिकमधून पुढे जाते, तेव्हा खांद्याला पडशी आणि डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेल्या आज्यांच्या रांगेत ही बाई सहज खपून गेली असती.

तरीही बुटांच्या बाबतीत मी तिचं ऐकणार नाही. सातमाळेच्या उतारांवर घसारा आणि त्यावर वाळकं गवत, तिथे तळव्याची पकडच कामाची. बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. जाड मोजे घालून, बोटांपुढे जागा ठेवून. आणि आधी काही आठवडे ते घालून पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्या-उतराव्यात. तिथे पहाटे स्लिपर घालून येणारे काका लोक आपल्याला मागे टाकून जातात, आणि वर पोहोचल्यावर बुटांची किंमत विचारतात.